पक्कं दार

"चाचा, हेही नाही जमलं," वीरेश म्हणाला आणि दस्तगीरच्या हातातला रंधा तिथंच थांबला.

तिसरं दार होतं ते. निलंग्याबाहेरच्या एका गोदामात चार दिवसांपासून सिनेमाचं काम चाललं होतं. नऊ वर्षं शेतातल्या खोलीत डांबून ठेवलेल्या मुलीची खरी गोष्ट. त्या खोलीचं दार दस्तगीरनं करायचं होतं आणि दिग्दर्शक वीरेशला एकही पसंत पडत नव्हतं. पहिलं फार नवं, दुसरं फार जुनं. तिसऱ्यात म्हणे भीती नव्हती.

"दारात भीती कुठून घालू? बाजारात किलोवर मिळती का?" दस्तगीर करवादला.

चाळीस वर्षं त्यानं निलंगा-देवणी भागात दारं बसवली होती. बंगला असो की कडब्याची खोली, त्याच्या कामाला कुणी नाक मुरडलं नव्हतं. आणि हे कालचं पोर त्याला दार शिकवत होतं! संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर लातूरहून दुसरा सुतार येणार होता. मग गावात तोंड कुठं दाखवायचं?

बरं, खरं दार बघावं म्हटलं तर तेही उरलं नव्हतं. सुटकेच्या दिवशी पोलिसांनी ते फोडून काढलं होतं.

ती मुलगी, सुकन्या, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली असे. सल्ल्यासाठी तिला उमरीहून आणलं होतं, पण काहीही विचारा, "अंधार होता" एवढंच ती सांगे. वीरेश तिच्यावरही वैतागला होता. दस्तगीरला मात्र तिची कणव यायची. दुपारचा चहा त्यानंच नेऊन दिला.

"बेटी, कसं होतं गं ते दार?"

"पक्कं," ती कपाकडे बघत म्हणाली. "कुऱ्हाडीनं बी अर्धा तास लागला."

"कारागीर चांगला असंल," तो बोलून गेला आणि त्यानं लगेच जीभ चावली. "पण गाव काय झोपलं होतं का गं? नऊ वर्षांत एकाला बी आवाज आला न्हाई? मी असतो तर हातानं फोडलं असतं."

सुकन्यानं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

शेवटी दस्तगीरनं वीरेशनं दिलेले आराखड्यांचे सगळे कागद बाजूला सारले. शेतकऱ्याला लावून देतो तसं साधं, जाड बाभळीचं दार त्यानं उभं केलं. बाहेरून कडी. दिवस मावळायच्या आत ते चौकटीत बसलं. वीरेशच्या सांगण्यावरून सुकन्या आत जाऊन उभी राहिली. दस्तगीरनं कडी घातली, नेहमीसारख्या दोन थापा मारल्या आणि सवयीनं म्हणाला, "घ्या. आता हत्ती आला तरी हलायचं न्हाई."

आतून काहीच आवाज आला नाही. वीरेशनं घाईनं दार उघडलं. सुकन्या भिंतीला टेकली होती, घामानं थबथबलेली.

"हेच," ती म्हणाली.

दस्तगीरला हायसं वाटलं. खांद्यावरच्या रुमालानं त्यानं तोंड पुसलं.

"काय जुळलं नेमकं? लाकूड? कडी?" वीरेशनं वही काढली.

"आवाज." तिनं दस्तगीरकडं बोट केलं. "शेतातलं ते दार बसवलं तवा मी आत कडब्यामागं होते. तोंड बांधलेलं. पाय आपटत होते. हत्तीचं म्हणायच्या आधी यांनी इचारलं बी होतं, आत कोण हाय म्हणून."

तिनं बोट खाली घेतलं.

"एकदाच."