तीमारदारी

राज्य दुभंगले त्या वर्षी सरकारी पत्रकाने जाहीर केले: "ज्येष्ठांची संपूर्ण काळजी विमा घेईल." विशेषण जितके भरघोस, तितकी तळटीप बारीक, हे निवृत्त प्राध्यापक भगवंतरावांना ठाऊक होते. पक्षाघात झालेल्या पत्नी तारामतींच्या दवाखान्याचा खर्च विम्याने उचलला. तारनाक्याच्या वृद्धनिवासाचा नाकारला. घरी त्यांना उठवणार, भरवणार कोण? विमाअधिकारी सूर्यभान वृद्धनिवासात तपासणीला आले. नेमके तेव्हाच तारामतींनी थरथरत्या हाताने चमचा उचलला आणि खिमटाचा घास न सांडता तोंडाशी नेला. ग्रहण सुटताना पाहावे तसे भगवंतराव पाहत राहिले. "मुबारक, साब. अम्मा बऱ्या झाल्या." "इथल्या शुश्रूषेने झाली. तोच खर्च द्या." "विमा बीमारीचा असतो, तीमारदारीचा नाही." "तुमच्या आईंची तीमारदारी कोण करतं?" सूर्यभानांची नजर चमच्यावरून हलेना. "दवाखानाच करतो, साब. तिला आम्ही बरं होऊ देत नाही."