मूळ भाग

"बाबा, पेसमेकर उद्याच बसवू. डॉक्टर तयार आहेत."

ज्यूकबॉक्सच्या काचेवर फडकं फिरवत बाबा हसले. "मूळ भाग बदलला की वस्तूची किंमत जाते. एवढी पुस्तकं वाचतेस, हे नाही कुठे वाचलंस?"

देवळालीच्या बंद पडलेल्या इराणी हॉटेलातून आणलेला, तबकड्यांवर गाणी वाजवणारा तो ज्यूकबॉक्स म्हणजे त्यांचा अभिमान. आत एकही परका स्क्रू नाही, असं ते आल्यागेल्याला ऐकवत. त्या संध्याकाळीही त्यांनी तो लावला, दुसऱ्यांदा चहा मागितला आणि साखर कमी म्हणून कुरकुरले. सकाळी मी त्यांना उठवायला गेले, तर अंग गार पडलेलं.

महिन्याभराने सामंत ज्यूकबॉक्सची पारख करायला आले. जुन्या वस्तू जमवण्यात बाबांची आणि त्यांची कायमची चुरस. मागचं झाकण काढून त्यांनी आत बॅटरी मारली आणि खो खो हसत सुटले.

"ताई, मोटर नवी, ॲम्प्लिफायर दुसऱ्याच मशीनचा, वायरीसुद्धा अलीकडच्या! तुमच्या बाबांनी आम्हाला चांगलंच बनवलं की!"

"पण मूळ भाग बदलायचा नाही, असं तेच म्हणायचे."

"बदलले नसते तर हे कधीच बंद पडलं असतं."

त्यांनी बटण दाबलं. दिवे लागले, आतला हात तबकडीकडे सरकला आणि गाणं सुरू झालं. सामंत ताल धरू लागले.

बाबांसमोर जे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं, ते मी त्या उजळलेल्या काचेला मोठ्याने म्हणाले.

"तुम्ही घाबरला होतात, बाबा. नुसते घाबरला होतात."