भोरड्या गेल्यावर

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी श्रीमंतरावांना धाराशिवच्या बागेत रोज फेऱ्या मारायला सांगितल्या. धाप लागली तरी बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. म्हणून सोबत चालणाऱ्या त्यांच्या पत्नी कडूबाई दर बाकापाशी म्हणायच्या, "अवं, भोरड्या बघा!" जन्मभर ज्वारीवरून गोफणीनं हाकललेली ती गुलाबी पाखरं बघायला मात्र ते खुशाल बसायचे.

चैत्रात एकदा माळ्यानं कडूबाईंना एकटं गाठलं. "काकू, भोरड्या कुठल्या? आठ दिस झाले, गेल्या की त्यांच्या मुलखाला!"

"गप की मुडद्या! ह्यांना सांगू नको. तेवढंच बसत्यात."

"कमाल हाय! काका कालच म्हणले, तुझ्या काकूला सांगू नको. तेवढाच तिच्या गुडघ्यांना इसावा."

कडूबाईंनी गेलेल्या पाखरांना मनोमन हात जोडले. पुढच्या बाकापाशी श्रीमंतराव थबकले. "अगं, ती बघ भोरडी!"

कडूबाईंना ती लगेच दिसली.