धावेचं माप

शंकरप्पानं चाकाच्या घेराभोवती दोरी फिरवली आणि समोरच्या नऊही मुलांनी त्याच्याकडे पाठ केली.

तपासणीला आलेले साहेब चक्रावले. "ये क्या है?"

"रिवाज हाय, साहेब," एकजण पाठमोराच म्हणाला. "धाव मापताना कारागिराकडं बघायचं नसतंय."

धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी. घेरापेक्षा जराशी आखूड करायची, तापवून चढवायची. निवली की आवळते. फार आखूड झाली तर आरे मोडतात, पुरेशी आखूड नसली तर ती रस्त्यात निसटते. नेमकी किती आखूड, ते लोहार घराबाहेर जाऊ देत नसत.

बिदरच्या औद्योगिक शाळेत शंकरप्पाचं हे शिकण्याचं शेवटचं वर्ष. आज वर्ग शिकवून दाखवला, तर लोहारकामाच्या मास्तरची जागा त्याला मिळणार होती.

"घरचं माप चव्हाट्यावर मांडायलास व्हय रे?" कुंपणापासून आवाज आला. त्याचे वडील, गुरप्पा. खटकचिंचोळी गावाहून खास हा वर्ग बघायला आले होते.

शंकरप्पानं दोरीवर बोट ठेवलं. मग तो मुलांना म्हणाला, "फिरा इकडं. सगळे. बोटाचं दीड पेर आखूड. दीडच."

साहेबांनी कागदातून डोकं वर काढलं. "रेल्वेवाले बुला रहे थे ना तुझे? वो छोडके मास्तरी कायकू?"

"अप्पांनी मलाबी पाठ फिरवायला लावली, साहेब. मी अकरा चाकं मोडून शिकलो. ह्यांनी कामून मोडायची?"



मुलांनीच धाव कापली, जोडली, गोवऱ्यांच्या आगीत लाल केली. चौघांनी ती सांडशांनी उचलून चाकावर बसवली. पाणी पडलं, वाफ उठली, आरे करकरले आणि सांधे गच्च मिटले. साहेबांनी हातोडीनं चाक वाजवून पाहिलं आणि नेमणुकीच्या कागदावर सही केली.

तेवढ्यात गुरप्पा आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चाकापाशी उकिडवे बसून त्यांनी सबंध घेरावरून अंगठा फिरवला. लेकाकडे पाहिलं नाही. मुलांना म्हणाले, "बराबर हाय. पर हे उन्हाळ्याचं झालं. पावसाळ्यात लाकूड फुगतंय. तवा किती, ते मी ह्यालाबी सांगितलं न्हाई."

त्यांनी बोट पुढं धरलं.

नवे मास्तर मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.