सुरकुत्यांतला वास

ढोल्याला तपासणीच्या टेबलावर ठेवून आजोबा जे मागं सरकले, ते थेट उघड्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"अहो, तिकडं कुठं? जवळ येऊन धरा ना त्याला," प्राण्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नको, मी आपला इथंच बरा."

डॉक्टरबाईंनी ढोल्याचं नकटं तोंड वर केलं, नाकावरची जाड घडी बोटानं उचलली आणि आतून ओला कापूस फिरवला. कापूस तपकिरी होऊन बाहेर आला. मग शेपटीच्या वेटोळ्याखाली फिरवला, तसा असा काही भपकारा सुटला की त्यांनी मानच वळवली.

"बाप रे! घरात वास येत नव्हता?"

"येत होता," आजोबा हळूच म्हणाले. "माझ्याच खोलीत."

"हा झोपतो कुठं?"

"माझ्या पांघरुणात."

"मग येणारच! पग जातीचा कुत्रा आहे हा, याच्या सुरकुत्यांत ओल साठते. रोज पुसून कोरडं करत जा, वास जाईल."

आजोबांनी हळूच आपल्या सदऱ्याची बाही हुंगली. त्यांचा जीव असा भांड्यात पडला की ते खुदकन हसले, तरातरा टेबलापाशी आले आणि "गुलामा!" म्हणत त्यांनी ढोल्याला कवेत घेतलं.

"आजोबा, याचं कातडं लाल झालंय आणि तुम्ही हसताय?"

आजोबांनी खिशातला फोन काढून त्यांच्यापुढं धरला. "हे एवढं जरा माझ्या सुनेला सांगाल? बिचारी तोंडानं काही बोलत नाही, पण सारखी मला नवेनवे साबण आणून देते."