उभ्या गाडीचा ताप

मिस्त्रींनी जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि वैद्याने नाडी पाहावी तसा रेडिएटरचा पंखा बोटाने फिरवून पाहिला.

“चालताना वारा लागतो म्हणून गप्प असते, उभी राहिली की तापते. पंख्याची मोटर गेलीय, काकू.” त्यांनी खोक्यातून नवी मोटर काढली. “ही बसवली की दिवसभर उभी करा, ढिम्म तापणार नाही. पण एवढा वेळ उभी करता कुठे?”

“दवाखान्याच्या दारात. रोज. काटा लाल रेघेला टेकला की नाइलाजाने घरी येते.”

“अहो, मग इंजिन बंद करावं माणसाने! पेट्रोल काय नळाला येतं?”

“हे उतरताना म्हणाले, बंद करू नकोस, परत सुरू व्हायची नाही. छातीत जरा दुखतंय, दाखवून आलोच.”

मिस्त्री हसले. “काकांचं ‘आलोच’ म्हणजे किती वेळ?”

“परवा वर्ष होईल.”

पस्तीस वर्षांत मिस्त्रींनी एकही गाडी तशीच परत पाठवली नव्हती. त्यांनी मोटर पुन्हा खोक्यात ठेवली आणि बॉनेट हळूच लावलं.

“ही नाही बसायची हिला, काकू. काटा चढला की घरी यायचं, दुसरा इलाज नाही.”