नाकातला आवाज

“आई, मी सुहास बोलतोय.”

“कोण सुहास?” देवरुखहून आईचा आवाज आला. “माझा सुहास नाकात बोलतो. पैसे मागायचे असतील तर दुसरं घर बघा!” तिनं फोन आपटला.

सुहास मोबाइलकडे बघतच राहिला. त्याच्या जुनाट सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं. आई घाबरेल म्हणून तिला सांगितलं नव्हतं. महिनाभर बायकोच तिच्याशी बोलत होती. आज पहिल्यांदा नाक मोकळं, आवाज खणखणीत, आणि जन्मदातीच ओळखेना!

त्यानं पुन्हा फोन लावला. “अगं, आपली कपिला गाय, तिचं लंगडं वासरू...”

“हल्ली चोरांना सगळं ठाऊक असतं,” आई म्हणाली, पण आता तिचा आवाज कापत होता. “माझ्या मुलाचं काय केलंत? महिनाभर त्याचा आवाज कानावर नाही. खरं सांगा हो, बरा आहे ना तो?”

 सुहासनं दोन बोटांनी नाक घट्ट दाबलं.

“आई गं...”

पलीकडे हुंदका फुटला. “हां, हा माझा सुहास! सर्दी अजून तशीच ना रे?”

“तशीच आहे,” बोटं न काढता तो म्हणाला.